कल्याणचा थांबा

माझं सगळं आयुष्य गाड्या वेळेवर सोडण्यात गेलं. तरी कल्याण स्टेशनात गाडी थांबली की अजून मी खिडकीबाहेर बघत नाही. बायको म्हणायची, "अहो, किती वर्षं झाली, सोडा की आता तो विषय." सोडायला तो काय सदरा आहे, अंगातून काढला आणि खुंटीला टांगला? मी चिडायचो, आणि मग मलाच वाईट वाटायचं.

गोष्ट पन्नास सालानंतरची, पहिल्या दोन-चार वर्षांतली. मी तेव्हा ठाण्याला कोपरीत राहायचो आणि एका खासगी मोटार कंपनीत कामाला होतो. कुठली बस कुठल्या रस्त्याला, ड्रायव्हर कोण, टायर कुणाचे गुळगुळीत झालेत, हे सगळं माझ्याकडे. मुंबईत हॉकीचे परदेशी संघ खेळायला येणार होते. त्यांना बंदरावरून उतरवून घ्यायचं, मुक्कामी न्यायचं, मैदानावर पोचवायचं आणि पुढच्या सामन्यांसाठी दिल्लीच्या गाडीत बसवून द्यायचं, या कामाला आयोजकांना बसगाड्या हव्या होत्या आणि गाड्यांची अक्कल असलेला एक माणूस. आमच्या मालकांनी बसगाड्या भाड्याने दिल्या आणि भाजीवाली जुडीवर कोथिंबीर टाकते तसं मला वरून टाकलं.

पण काम मला आवडलं, खोटं कशाला बोलू. लोकांना वाटतं खेळाडू मैदानात उगवतात. अरे, त्यांना तिथवर आणणाऱ्याला विचारा! एका संघाला उकडतं म्हणून खिडक्या उघड्या हव्यात, दुसऱ्याला धूळ नको म्हणून बंद हव्यात. कोणी सामन्याआधी जेवतो, कोणी नंतर. स्टिकांची बोचकी खेळाडूंच्या आधी पोचली पाहिजेत, नाहीतर ते काय हाताने खेळणार? मी आधी आठवडाभर बसगाड्या त्याच रस्त्यांवरून फिरवून बघितल्या. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांचा वेळ सारखा नसतो, म्हणून माणसांच्या जागी मिठाची पोती बसवली. पोती देणारा बाळकुमचा एक आगरी ट्रकवाला होता. तो म्हणाला, "सायेब, मी तर म्हनतो पोतीच न्या खेलाला. पोती कवा खिडकीवरशी भांडत नाय." मी पोट धरून हसलेलो.

त्या संघांत एक पाकिस्तानचा होता. आणि त्या संघात माझा लहानपणीचा दोस्त होता.

आम्ही दोघं कल्याणचे. दूधनाक्याजवळ त्यांचं घर, आणि मधली एक गल्ली ओलांडली की आमचं. त्यांचे पूर्वज किती पिढ्यांपासून कल्याणात होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात बोलायचे ते आमच्यासारखंच, थोडं कोकणी हेल काढून. त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. आम्ही चिंचेच्या फांद्या वाकवून हॉकी खेळायचो, आणि खेळून आलो की मावशी दोघांनाही एकाच पाटावर बसवून सांदणं द्यायची. तांदळाची वाफवलेली, गूळ घातलेली. माझी आई सोवळ्याची. पण तिला कळून न कळल्यासारखं करायची सवय होती. मी खेळायचो यथातथाच. तो मात्र चेंडू काठीला चिकटवून पळायचा.

फाळणीच्या धामधुमीत त्याचा काका कराचीला निघाला. धंदा तिकडे होता. वडील वारलेले, म्हणून हाही कामधंद्याला त्याच्या बरोबर गेला. "दोन-चार महिन्यांत बघतो आणि येतो," असं म्हणून गेलेला. मावशी गेली नाही. नवऱ्याची कबर इथे, घर इथे, ती कुठे जाणार? मग ये-जा करायला परमिटं निघाली, मग आणखी कायदे निघाले, आणि दोन-चार महिन्यांची वर्षं झाली. मावशी रोज संध्याकाळी ओट्यावर बसायची. मी ठाण्याहून गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "काय कलला रे त्याचा?" मला काय कळणार, कपाळ!

आणि एक दिवस खेळाडूंची नावं माझ्या हातात आली आणि त्यात हा. मी खुर्चीतून उठलो तो उठलोच. आनंदाने काय करावं ते सुचेना. समोरच्या टायपिस्टाला मी मिठी मारली, त्याला वाटलं माझा पगार वाढला.

बोट लागली तेव्हा मी बंदरावर होतोच. हिरव्या कोटात तो शिडीवरून खाली आला. मला बघून थबकला.

"अरे, तू? केवढा सुटलायस रे!"

"आणि तू परदेशी झालायस," मी म्हटलं.

दोघं हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही. सामान मोजण्याच्या निमित्ताने तो माझ्याजवळ उभा राहिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "मा कशी आहे?"

"दमा आहे. बाकी बरी. आज घेऊन येऊ मुक्कामावर?"

"नको!" तो एवढ्या जोरात म्हणाला की मीच इकडेतिकडे बघितलं. मग त्याने हळू आवाजात सांगितलं. मुक्कामाच्या फाटकावर साध्या वेषातले पोलीस बसलेले. कोण कोणाला भेटायला आलं, नाव-गाव लिहून घेतात. त्याच्या कागदांवर फक्त मुंबई आणि दिल्ली, कल्याणला उतरायची सोय नाही. आणि तिकडे गेलेल्यांची घरं सरकार ताब्यात घेत होतं तो काळ. दूधनाक्याचं घर कागदावर अजून त्याच्या आणि काकाच्या नावाने होतं. आतापर्यंत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. एकदा नाव वर आलं की म्हातारी रस्त्यावर. "माझ्यामुळे तिचं छप्पर जायला नको. पण मला तिला बघायचंय रे. काहीतरी कर. तू गाड्या बघतोस ना?"

गाड्या बघतोस ना! हो, बघत होतो. आणि गाडी कल्याणवरूनच जाणार होती.

सगळ्या संघांना दिल्लीला न्यायला खास गाडी होती. कल्याणला ती जेमतेम दोन मिनिटं थांबायची. मी रेल्वेतल्या एका साहेबाला गाठलं. म्हटलं, पाहुण्यांना बर्फ लागतो, सोड्याच्या बाटल्या लागतात, जेवणाचे डबे चढवायचे, दोन मिनिटांत काय होतं? साहेब भला माणूस. त्याने पंधरा मिनिटं दिली. फलाटावर कोण कोणाचं, कोण विचारतो? गर्दीत एक म्हातारी एका खेळाडूच्या हातात डबा देते, एवढंच दिसेल. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मावशीला सांगायला मी कल्याणला गेलो. ती पदराच्या टोकाला गाठ मारत बसली. मग म्हणाली, "पंधरा मिन्टं म्हंजे किती रे?"

"चहा टाकायचा, गाळायचा आणि निवांत पिऊन व्हायचा, एवढा वेळ."

"मंग पुष्कळ झाला," ती म्हणाली. "मला काय बोलायचा नाय त्याच्याशी. निस्ता गालांवरशी हात फिरवीन आनि बोटां मोडीन. पोराला किती लोकांची नजर लागली आसंल."

म्हणजे दृष्ट काढायची. दोन्ही हात लेकराच्या तोंडावरून फिरवायचे आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. लहानपणी आम्ही सामना जिंकून आलो की ती दोघांचीही काढायची. एवढ्यासाठी बाई इतकी वर्षं थांबलेली.

आता इथून पुढचं लिहिताना माझं डोकं तापतं. बर्फ आणि जेवण मी कल्याणच्याच एका खाणावळवाल्याला सांगितलं होतं, कारण माल ताजा चढला पाहिजे. तो खाणावळवाला निघाला गावातल्या हौशी मंडळींपैकी. झालं! आठवडा झाला नाही तोच एक वकील आणि एका व्यायामशाळेचे चालक माझ्या ठाण्याच्या कचेरीत येऊन थडकले.

"आंतरराष्ट्रीय संघ आपल्या कल्याणात पंधरा मिनिटं थांबणार, आणि आम्हाला पत्ता नाही?" वकील म्हणाले. "सत्कार नको करायला? लोक शेण घालतील तोंडात!"

मी म्हटलं, खेळाडू दमलेले असतात, झोपतात. ते म्हणाले, हार घालायला जागं राहावं लागत नाही. मी म्हटलं, डबे चढवायचेत, वाट अडेल. ते म्हणाले, आमचे पैलवान चढवतील. मी म्हटलं, अहो, वेळ नाही. त्यावर वकील हसले. "पाच मिनिटांत आटोपतो. नुसते हार-तुरे."

पाच मिनिटांचा सत्कार! आपल्या लोकांत? मी तर जन्मात पाहिलेला नाही. पण त्यांना सांगू काय? खरं कारण तोंडातून काढलं की मावशीचं घर गेलं. थांबा कमी करावा म्हटलं तर मावशीचाच वेळ जातो. शेवटी मनाशी म्हटलं, पाचाचे सात-आठ घेतील, उरलेला वेळ आपला. चहा नाही, तर निदान बोटं मोडण्यापुरता.

खास गाडी दुपारची होती, पण मी सकाळच्या गाडीने आधीच कल्याणला पोचलेलो. मावशी टांग्यातून आली. पांढरी चादर अंगावर, हातात पितळेचा डबा, फडक्यात बांधलेला. सांदणं. पहाटे उठून केलेली. दम्याने धापत होती, पण तोंडावर असं काही तेज होतं की मला तिच्याकडे बघवेना. त्याच्या संघाचा डबा फलाटावर जिथे लागणार, नेमकी तिथे मी तिला उभी केली. गाडीत कुठला संघ कुठे बसणार हे मीच तर लावलेलं.

आणि तिथेच त्या लोकांनी टेबल आणून मांडलं. पांढरा कपडा, वर समई, बाजूला पेटी घेऊन बसलेले मास्तर आणि रांगेत शाळेच्या मुली. पोलिसाने मागे दोर बांधला. मावशी दोराच्या मागे गेली. मी पोलिसाला म्हटलं, म्हातारी आहे, पुढे उभी राहू दे. तो म्हणाला, "साहेब, सगळ्याच म्हाताऱ्या आहेत." खरंच, अर्धं कल्याण लोटलं होतं.

गाडी आली ती अगदी वेळेवर. माझीच करणी.

खेळाडूंना खाली उतरवून रांगेत उभं केलं. तो मधोमध, एका बाजूला त्यांचा व्यवस्थापक आणि मागे साध्या वेषातला एक पोलीस. त्याची नजर नुसती भिरभिरत होती. मावशी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण मध्ये फेटे, टोप्या, हारांच्या परड्या. ती बुटकी बाई, तिला काय दिसणार! मला विचारायची, "आला काय? खाली उतरला काय?" मी म्हणायचो, "उतरला मावशी, जरा धीर धरा."

आधी समई. फलाटावर वारा. काडी पेटली की विझायची. वकिलांनी काड्यापेटी चालकांना दिली, चालकांनी मास्तरांना. अहो, राहू द्या की! पण नाही, समई लागल्याशिवाय पुढचं होणार कसं? मग पैलवानांनी भोवती धोतरांचा आडोसा केला तेव्हा कुठे ती लागली. मग स्वागतगीत, सगळी कडवी. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांना समजत नव्हता आणि आम्हाला ठाऊक होता. मग हार, एकेकाला, आणि प्रत्येक हाराला घालणारा वेगळा, कारण मान सगळ्यांचा राखायचा. मी हातातल्या घड्याळाकडे बघत होतो आणि रागाने माझे कान गरम झालेले. दोनदा मी मध्ये शिरलो. "साहेब, डबे चढवायचेत, मोकळं करा." मला एका स्वयंसेवकाने दंडाला धरून बाजूला केलं. ज्याने थांबा आणला त्यालाच!

आता संपेल म्हटलं, तर व्यवस्थापक सौजन्याने वकिलांना हिंदीत म्हणाला, "आपकी बोली हमारा ये लड़का समझता है, यहीं का है." वकिलांना स्वर्ग दोन बोटं उरला.

"काय सांगता! मंडळी, आपल्या कल्याणचा पुत्र! दोन शब्द बोललेच पाहिजेत!"

त्याने नको नको म्हटलं. दोघा पैलवानांनी त्याला उचलून स्टुलावर उभा केला. गळ्यात झेंडूचा जाड हार. त्याने घसा साफ केला.

"मंडळी, मी इथलाच. काळ्या तलावात पोहायला शिकलो. तुम्ही एवढ्या प्रेमाने बोलावलंत, आमच्या सगळ्या संघातर्फे कल्याणकरांचे आभार मानतो."

मावशीने माझा हात घट्ट धरला. "त्योच बोलतो ना?"

"तोच."

स्टुलावर उंच होता म्हणून आता त्याला सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत होतं. बोलता बोलता तो शोधत होता. आधी त्याला मी दिसलो. मग त्याची नजर माझ्या शेजारी खाली आली. पांढऱ्या चादरीवर.

"इथे माझी..." तो म्हणाला, आणि थांबला.

ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला कळलं काय होतंय. एकीकडे ती समोर, दुसरीकडे पाठीमागे तो साध्या वेषातला आणि दूधनाक्याचं घर. एक शब्द तोंडातून गेला की घर गेलं. त्याने तो शब्द गिळला. मी बघितलं गिळताना.

"जन्मभूमी!" वकील ओरडले. "इथे त्यांची जन्मभूमी आहे, मंडळी! कंठ दाटून आलाय! टाळ्या!"

अशा टाळ्या पडल्या, अशा टाळ्या पडल्या! लोकांनी डोळे पुसले. त्या टाळ्यांतच इंजिनाची शिटी झाली. मी दोर वर केला, मावशीला जवळजवळ उचलून घेतलं आणि घुसलो. पण लोक खेळाडूंना डब्यात चढवायला धावत होते, आम्हाला उलट्या बाजूला रेटत होते. "आजी, बाजूला व्हा, चेंगराल!" म्हणून एका भल्या माणसाने तिला मागे ओढलं. माझा दोस्त डब्याच्या दारात उभा होता, दांडीला धरून. गाडी हलली. त्याने एक हात आमच्या दिशेने लांब केला आणि तसाच ठेवला. हात हलवत नव्हता, नुसता पुढे धरलेला. गाडी सिग्नलच्या पलीकडे गेली तरी मला तो हात दिसत होता.

मावशी रुळांकडे बघत होती. डबा तिने खाली ठेवला. दोन्ही हात पुढे केले, तो गेला त्या दिशेने, हवेतच वरून खाली फिरवले, जसे काही मध्ये त्याचे गाल आहेत, आणि कानशिलावर नेऊन बोटं मोडली. सगळी बोटं मोडली. एवढ्या गलक्यातही मला ती ऐकू आली. मी फलाटावर, सगळ्यांसमोर, रडलो. लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

ती मलाच म्हणाली, "भाषन चांगला केलान नाय? मराठी इसारला नाय हां."

तेवढ्यात वकील घाम पुसत आले. "काय, कसा झाला कार्यक्रम? अविस्मरणीय ना?" त्या माणसाचा जीव घ्यावा असं वाटलं, आणि तोंडातून निघालं, "हो. झाला." दुसरं काय म्हणणार होतो?

टांग्याने तिला घरी सोडलं. घरात गेल्यावर तिने पाट मांडला आणि डबा उघडला. "बस."

"मावशी, मला नाही जाणार."

"खा रे. तू पन खेलायचास ना त्याच्यासंगती? आनि ही आता दिल्लीला थोडीच जातायत?"

मी खाल्ली. एकेका सांदणामागे ती पाणी पुढे सरकवत होती. एकही उरू दिलं नाही तिने.

त्यानंतर ती दोन पावसाळे काढून गेली. घर शेवटपर्यंत तिचंच राहिलं, कुणी हात लावला नाही. मधल्या काळात मी गेलो की ती त्या दिवसाचंच बोलायची. आवाज बसल्यासारखा वाटला म्हणायची, बर्फाचं पाणी पितो काय तिकडे. दिसला कसा, ते मला विचारायची. मी सांगायचो, हिरवा कोट, मिशी ठेवलीय, खांदे रुंद झालेत. ती डोळे मिटून ऐकायची, कारण तिने तो पाहिलेलाच नव्हता. गर्दीत तिला शेवटपर्यंत फक्त त्याचा आवाज आलेला.

ती गेली तेव्हा त्याला कळवायची काही सोय नव्हती. जनाज्याला खांदा मी दिला, त्याच्या जागी. कबरीत मूठ मूठ माती टाकून लोक हात झटकत निघाले. तिथे कोणी दोन शब्द बोलायला उभं राहिलं नाही, आणि घाईही नव्हती कुणाला. मला पाहिजे तेवढा वेळ मी तिच्यापाशी थांबलो.